सहकार्याबद्दल आभार

टॉमीचा पहिला घाव शिट्टीच्या मनगटावर बसला आणि दुसरा रेडिओच्या तोंडावर. दोन्हींमध्ये फार तर दीड सेकंद गेला. टॉमी म्हणजे रिमवरून टायर उचकटायची हातभर लांब लोखंडी पट्टी. एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला किंचित वाकडी. वाकड्या टोकानं ओठ फाडला. शिट्टीचं मनगट मोडल्याचा आवाज रेडिओला स्पष्ट ऐकू आला, वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. स्वतःचे दोन दात पडल्याचा आवाज मात्र आला नाही. ते जिभेला कळलं.

दोघं वाचाउपचाराच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. ज्यांचं बोलणं अडतं, आजारानं ज्यांची वाचा गेली, अशांना बोलतं करायचं हे शिक्षण. आणि त्या सकाळी साडेअकरा वाजता ते पंक्चरच्या दुकानात गृहपाठ करायला गेले होते.

टोपणनावं वर्गानं ठेवलेली. शिट्टी कुणाच्या कानात काही सांगायला गेली तरी जिन्यावरचा शिपाई मान वळवून बघायचा. रेडिओ तिच्या उलट. तो हळू बोलायचा, पण एकसारखा, न चाचरता, बातम्या दिल्यासारखा. तोंडी परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण. "हा झोपेतसुद्धा पूर्णविराम देत असेल," असं शिट्टी म्हणायची, आणि लहर लागली की रेडिओचं रेड्या करायची.

गृहपाठ दर वर्षीचाच होता. तोतरेपणाचा पेपर शिकवणाऱ्या मॅडम तिसऱ्या वर्षाला तो नेमानं द्यायच्या. विद्यार्थ्यांनी जोडीजोडीनं गावात जायचं. एकानं दुकानात किंवा खिडकीवर दहा मिनिटं मुद्दाम तोतरं बोलायचं. अक्षर पुन्हा पुन्हा म्हणायचं, लांबवायचं, मध्येच अडून राहायचं. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून समोरच्याची प्रतिक्रिया तक्त्यात भरायची. नजर वळवली का, हसला का, वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं का. मग अदलाबदल.

"जे दुखणं तुम्ही उद्या बरं करायला निघणार, ते एक दिवस अंगावर घेऊन बघा," मॅडम म्हणाल्या होत्या. "लाज कशी चढते ते पुस्तकातून कळत नाही. आणि एक लक्षात ठेवा. दहा मिनिटं होईपर्यंत सोंग सोडायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही."

दहा मिनिटांनंतर मात्र सोडायचंच, असाही नियम होता. दोन वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानातल्या बाईंना नंतर खरं कळलं आणि त्यांनी विभागात येऊन आरडाओरडा केला. तेव्हापासून मॅडमनी एक चिठ्ठी छापून घेतली होती. काम झालं की ती समोरच्याच्या हातात द्यायची. चिठ्ठीत चार ओळी होत्या:

"आपण आत्ता जिच्याशी बोललात ती व्यक्ती तोतरी नाही. हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. आपली प्रतिक्रिया नाव न घेता नोंदवली आहे. सहकार्याबद्दल आभार."

पहिली ओळ रेडिओच्या बाबतीत खोटी होती. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

तो पाचव्या वर्षापासून तोतरा होता. वडील शाळेत कवायतीचे मास्तर. चुकलेलं पाऊल शिट्टी आणि पट्टीनं सुधारतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव, आणि चुकलेला शब्द त्याहून वेगळा का असावा हे त्यांना कधी पटलं नाही. संध्याकाळी शाळेतून आले की ते मुलाला समोर उभं करायचे आणि धडा वाचायला लावायचे. अडला की पोटरीवर पट्टी. "परत म्हण." पुन्हा अडला की पुन्हा पट्टी. आई त्या वेळेला स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. भांड्यात काही असो वा नसो, मिक्सर चालायचा, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. तो अकरा वर्षांचा असताना वडिलांनी एकदा त्याचा जबडा अंगठ्यानं धरून उघडला होता, आतला शब्द हातानं काढायचा असावा तसा. त्या दिवशी समोरच्या दाताचा तुकडा उडाला.

त्यानंतर तो अडखळला नाही. निदान कुणाला दिसेल असा नाही. अडणारा शब्द दोन शब्द आधीच दिसायचा, रस्त्यातला खड्डा दिसावा तसा, आणि तो दुसऱ्या शब्दावरून वळून जायचा. फोन घ्यायचा नाही. वर्गात आधी हात वर करायचा नाही. एकच शब्द असा होता की ज्याला बदली मिळत नव्हती, तो म्हणजे स्वतःचं नाव. म्हणून कुणी नाव विचारलं की तो हसून ओळखपत्र पुढे करायचा. लोकांना ती ऐट वाटायची. वडील पाहुण्यांना सांगायचे, "ठोकून ठोकून सरळ केला."

प्रवेशअर्जावर एक प्रश्न होता: उमेदवारास वाणीदोष आहे का? खाली बारीक अक्षरात, माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द. त्यानं 'नाही' लिहिलं होतं.

पहिली पाळी शिट्टीची. तिनं कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात तोंड उघडलं, आणि दुकानदारानं तिला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. "शर्ट? इस्त्री? उद्या? परवा?" असं तोच विचारत गेला आणि तोच उत्तरं देत गेला. चिठ्ठी वाचून हसला आणि म्हणाला, "तरीच! एवढ्या चांगल्या घरची पोर." बाहेर येऊन शिट्टी फुटपाथवर थुंकली. "चांगल्या घरची म्हणे. त्याच्या इस्त्रीनं त्याचंच थोबाड भाजावंसं वाटत होतं मला."

तेवढ्यात तिच्या स्कूटरचं मागचं चाक बसलेलं दिसलं. रस्ता ओलांडला की पंक्चरचं दुकान होतं.

"देवच पावला, रेड्या," ती म्हणाली. "आता खरं गिऱ्हाईक होऊन जाऊ. पाळी तुझी."

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीला टायर टांगलेले, दारात हवेचं यंत्र, कोपऱ्यात काळ्या पाण्याची लोखंडी टाकी. आत एकच माणूस होता, पंचेचाळिशीचा, मनगटं जाड, आणि तो एका ट्रकच्या टायरवर घण घालत होता. जुना टायर रिमला चिकटला की तो मारूनच सोडवावा लागतो. प्रत्येक घावाला पत्रा थरथरत होता. आजूबाजूचे त्याला हवावाला म्हणत. बहिरा असावा, असा बहुतेकांचा समज होता, कारण तो कुणाशी बोलत नसे.

रेडिओनं ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. "प-प-पंक्चर आहे." हे खोटं होतं आणि सोपं होतं. "मा-मा-मागचं चाक." हेही खोटं होतं. तिसऱ्या वाक्याला त्यानं खोटा अडथळा घेतला आणि जबडा खरंच बसला. गळ्यात दार बंद झाल्यासारखं झालं. डोळे आपोआप मिटले, उजवा अंगठा मांडीत रुतला. नऊ वर्षं त्यानं हे चार लोकांत होऊ दिलं नव्हतं.

घण थांबला.

हवावाल्यानं मान वर केली. नजर वळवली नाही, हसला नाही, वाक्य पुरं केलं नाही. शिट्टीनं तीनही रकान्यांत फुली मारली. त्यानं पायानं एक स्टूल रेडिओकडे सरकवलं.

"ब-बस."

रेडिओ बसला. हवावाल्यानं घण खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "ना-ना-नाव काय?"

ओळखपत्र खिशात होतं. रेडिओनं हात खिशाकडे नेला आणि मध्येच थांबवला. आज सोंगाचा दिवस होता. आज सगळं चालणार होतं. त्यानं नाव सांगायला तोंड उघडलं आणि ते अडलं, आणि अडूनच राहिलं. शिट्टीच्या घड्याळात अकरा सेकंद झाले.

"येऊ दे," हवावाला म्हणाला. "ये-येतंय."

आणि आलं. रेडिओच्या कपाळावर घाम आला होता, पण नाव आलं होतं, आणि समोरचा माणूस ते नीट ऐकून मान हलवत होता.

मग हवावाला बोलू लागला. किती वर्षांचं साठलेलं होतं कोण जाणे. ज्या गॅरेजात काम शिकला, तिथला उस्ताद हा अडखळला की त्याला स्पार्क प्लग दातांत धरायला लावायचा आणि म्हणायचा, आता बोल. एकदा तसाच धरलेला असताना उस्तादानं हनुवटीखालून ठोसा मारला. हवावाल्यानं ओठ वर करून तुटलेली दाढ दाखवली. "तेव्हापासून गि-गिऱ्हाइकाशी बोलत नाही. ब-बोटं दाखवतो. दोन बोटं, द-दोन पंक्चर." रेडिओनं आपला समोरचा दात दाखवला. "वडील," तो म्हणाला, आणि तो एक शब्द तीन तुकड्यांत आला. हवावाल्यानं तो दात जवळ येऊन बघितला, टायरातला खिळा बघावा तसा, आणि म्हणाला, "माझ्या उ-उस्तादानं काम साफ केलं होतं. तु-तुझ्या बापाचा हात कच्चा." दोघंही हसले. रेडिओ इतक्या जोरात हसलेला शिट्टीनं तीन वर्षांत पाहिला नव्हता.

शिट्टी लिहायची थांबली. दोन गोष्टींमुळे. एक, रेडिओ हे असलं काम करू शकतो, याचा तिला पत्ताच नव्हता. तिनं तक्त्याखाली दहापैकी दहा लिहून टाकले. दुसरी म्हणजे, हा माणूस खरा होता आणि त्याला फसवलं जात होतं. जितकं लवकर सांगू तितकं बरं, असं तिला वाटलं. घड्याळ वाजलं. दहा मिनिटं. तिनं पर्समधून चिठ्ठी काढली.

रेडिओनं ते पाहिलं. चिठ्ठी पर्समधून निघून हवावाल्याच्या हातात पडेपर्यंत चार-पाच सेकंद गेले. नको एवढा एक शब्द पुरला असता. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, तिच्या त्या आवाजात ते संध्याकाळपर्यंत विभागभर झालं असतं, आणि अर्जावरचं 'नाही' कुणीतरी उघडून बघितलं असतं. तो स्टुलावर बसून राहिला.

हवावाल्यानं चिठ्ठी सावकाश वाचली. ओठ हलत होते. पहिल्या ओळीनंतर ते थांबले.

"हे का-काय?"

"काका, हा तोतरा नाहीये," शिट्टी म्हणाली. आवाज नेहमीचाच, बाजूच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत जाणारा. "कॉलेजचा अभ्यास आहे. तो सोंग करत होता. तुम्ही इतके चांगले वागलात ना, आम्ही सगळं लिहून घेतलंय, हे बघा." आणि तिनं तक्ता पुढे केला.

हवावाल्यानं तक्ता बघितला नाही. तो रेडिओकडे बघत होता.

"खोटं?" त्यानं विचारलं. हा शब्द त्याच्या तोंडून न अडखळता आला.

रेडिओनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. जबडा बसला. डोळे मिटले. अंगठा मांडीत रुतला. तोंड उघडं, आवाज नाही.

"अजून क-करतोय," हवावाला म्हणाला आणि त्यानं टाकीवरची टॉमी उचलली.

शिट्टीनं हात मध्ये घातला म्हणून पहिला घाव मनगटावर गेला. दुसऱ्यानं रेडिओ स्टुलावरून मागे फेकला गेला आणि टाकीच्या कडेवर डोकं आपटून खाली आला. हवावाला त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला. त्यानं चिठ्ठीचा बोळा केला आणि रक्तानं भरलेल्या तोंडात कोंबला, पार घशापर्यंत. "घे. आ-आता बोल. बोल!" त्याचा अंगठा फुटलेल्या दातांवरून घसरला आणि कापला. दोघांचं रक्त एकाच बोळ्यात मुरलं.

मग वेल्डिंगवाले आले. रेडिओला जमिनीवरून पायच दिसत होते. चौदा पाय, म्हणजे सात माणसं. पोरीवर हात टाकतो, एवढंच ते ओरडत होते. त्यांनी हवावाल्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि लोखंडी अँगलच्या तुकड्यांनी मारलं. एकजण बुटाच्या टाचेनं त्याच्या उजव्या हातावर नाचला. हवावाला ओरडला नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सुरुवातीचं अक्षरच सुटत नव्हतं. "म-म-म" एवढंच बराच वेळ ऐकू येत होतं, आणि एकजण हसून त्याची नक्कल करत होता.

*

दवाखान्यात रेडिओच्या ओठाला नऊ टाके पडले. दोन दात गेले, जबडा वाचला. शिट्टीच्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती, कोपरापर्यंत प्लास्टर. परिचारिकेनं रेडिओचे रक्ताळलेले कपडे एका पिशवीत घालून दिले, आणि सोबत तो बोळा. "घशातून काढला. काही महत्त्वाचं असेल म्हणून ठेवला," ती म्हणाली.

दोन वाजता मॅडम आल्या. आधी त्या खरंच रडल्या. मग त्यांनी पडदा ओढला.

"हे बघा, उद्या पोलीस जबाब घेतील. स्कूटर पंक्चर होती ना? पंक्चर काढायला गेलात. त्यानं अचानक हल्ला केला. बास."

"आणि चिठ्ठी, मॅडम?" शिट्टीनं विचारलं.

"कसली चिठ्ठी?" मॅडमनी तिच्याकडे बघितलं नाही. "त्या गृहपाठाला समितीची लेखी मंजुरी नाही. मी कितीदा मागितली, कुणी सही करत नाही. हे बाहेर आलं तर विभाग बंद करतील. तुमचं वर्ष जाईल, सगळ्यांचंच जाईल. आणि तो माणूस तसाही तुरुंगात जाणारच आहे. खुनाचा प्रयत्न लावलाय."

चार वाजता वडील आले. टाक्यांकडे बघून म्हणाले, "तुला हात नव्हते?" मग खुर्ची ओढून बसले. "तोतरा होता म्हणे. असल्यांना लहानपणीच ठोकून सरळ करायला हवं. कुणी केलं नाही, म्हणून आज लोकांवर टॉम्या उगारतोय." आई दारात उभी होती. तिथे मिक्सर नव्हता.

ते गेल्यावर शिट्टी शेजारच्या खाटेवरून उठून आली.

"रेड्या, मला झोप लागत नाहीये. डोळे मिटले की तो चिठ्ठी वाचताना दिसतो. आपण त्याचा विश्वास बसवला आणि मग मी तो काढून घेतला. मीच सांगणार उद्या, वर्ष गेलं खड्ड्यात." ती कडेला बसली. "आणि तू काय सोंग केलंस रे. मी दहापैकी दहा दिले होते. तो तक्तासुद्धा रक्तानं माखला."

"सोंग नव्हतं," रेडिओ म्हणाला.

टाक्यांमुळे शब्द बोबडे येत होते. तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग वडील, पट्टी, ओळखपत्र, अर्जावरचं 'नाही', सगळं सांगितलं. एकदाही अडखळला नाही. शिट्टी आधी हसली, मग थांबली. दुकानात तो नावापाशी अडला होता ते अकरा सेकंद तिनं स्वतः मोजले होते.

"म्हणजे मी पर्स उघडली तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू बसून राहिलास."

"हो."

शिट्टीनं धडधाकट हातानं त्याच्या कानाखाली मारली. पूर्ण ताकदीनं, टाक्यांच्याच बाजूला. दोन टाके तुटले आणि रक्त हनुवटीवर आलं. परिचारिका धावत आली.

"ही माझ्या मनगटाची," शिट्टी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्याच्या हाताची भरपाई तू त्याला जाऊन दे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेडिओ पोलीस ठाण्यात गेला. शिट्टी सोबत होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, तिचा जबाब नंतर. आत फौजदारांचं टेबल, आणि टेबलाच्या पाठीमागे गजांची कोठडी. हवावाला कोठडीतल्या फरशीवर बसला होता. एक डोळा सुजून बंद, उजवा हात फडक्यात, बोटं वांग्यासारखी काळीनिळी.

"कालपासून नाटक चाललंय याचं," फौजदार म्हणाले. "ए, बोल. टॉमी कशाला उचललीस?"

"त-त-त..."

हवालदारानं गजांतून काठी आत घालून त्याच्या नडगीवर हाणली. सराईत हात होता. आवाज मोठा नाही, पण हवावाला एका कुशीवर कोसळला.

"सरळ बोल म्हटलं की असं करतो," हवालदार म्हणाला. "वेळ काढायचा धंदा."

"मारू नका," रेडिओ म्हणाला. "तो खरंच अडखळतो. आणि चूक आमची होती."

फौजदारांनी त्याला बसायला सांगितलं. रेडिओनं पिशवीतून बोळा काढला, टेबलावर ठेवून उलगडला. वाळून तो पापडासारखा कडक झाला होता, पण अक्षरं वाचता येत होती. त्यानं गृहपाठ सांगितला, तक्ता सांगितला, चिठ्ठी कधी दिली ते सांगितलं. फौजदार लिहायचं सोडून ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही याची टिंगल करायला गेला होतात."

"नाही. चिठ्ठीतली पहिली ओळ खोटी आहे. मी तोतरा आहे. मी तिला अडवायला हवं होतं. मी घाबरलो आणि गप्प बसलो."

हे सगळं त्याच्या तोंडून नळाच्या धारेसारखं सरळ आलं. टाक्यांचा बोबडेपणा सोडला तर एक अक्षर अडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अडायला हवं होतं आणि जमत नव्हतं. त्यानं मुद्दाम एक अडथळा घेऊन बघितला. तो इतका खोटा वाटला की त्यालाच शरम वाटली.

फौजदार हसले. "तू तोतरा? माझ्यापेक्षा सरळ बोलतोस. दया आलेली दिसतेय. चांगलं आहे, पण सरकारी कागदावर दया लिहिता येत नाही."

"खो-खोटारडा," कोठडीतून आवाज आला. हवावाला गजांना धरून उठून बसला होता. चांगला डोळा रेडिओवर रोखलेला. "का-कालही. आ-आजही." आणि तो गजांतून थुंकला. थुंकीत रक्त होतं. ती टेबलाच्या पायाशी पडली.

हवालदार काठी घेऊन वळला.

"राहू दे," फौजदार म्हणाले. "लिहून घेऊ. चिठ्ठी जोडू, मग वरचे काय ते बघतील." त्यांनी नवा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "हं. संपूर्ण नाव सांग."

रेडिओचा हात सवयीनं खिशाकडे गेला. ओळखपत्र तिथे होतं. कडा बोटांना लागली. ते पुढे केलं की काम झालं असतं.

त्यानं हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तोंड उघडलं.

जबडा बसला. डोळे मिटले. अंगठा मांडीत रुतला. टाक्यांवर ताण आला आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ निघाली.

"नाव," फौजदार म्हणाले.

काही नाही.

"नाव विचारलं मी." त्यांनी टेबलावर हात आपटला. पेनाचं टोपण उडालं. "आता तूही सुरू केलंस? त्याची झाली, आता माझी टिंगल?"

काठी रेडिओच्या खांद्यावर बसली. हवालदारानं कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नव्हती. रेडिओ खुर्चीवरून अर्धा खाली आला, टेबलाची कड धरून पुन्हा तिरका बसला, मांड्या टेबलाबाहेर. तिसरा टाका तुटला. कोऱ्या कागदावर रक्ताचे दोन थेंब पडले. तोंड उघडंच होतं, मान ताठ, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. बाहेरच्या बाकावरून शिट्टीचा आवाज आला, "अहो, काय करताय!" आणि कुणीतरी तिला दारातच धरलं.

हवालदारानं काठी पुन्हा उचलली.

हवावाला उभा राहिला होता. सुजलेला हात त्यानं गजांतून बाहेर काढला होता आणि त्याची नजर रेडिओच्या तोंडावर नव्हती. ती मांडीवर होती, जिथे अंगठ्याचं नख पँटच्या कापडातून आत गेलं होतं. हे सोंग कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. त्याच्या स्वतःच्या मांडीवर त्या जागी जुना घट्टा होता.

"थां-थांबा साहेब," तो म्हणाला.

फौजदारांनी मागे वळून पाहिलं.

"मा-मारू नका त्याला. येऊ दे. ये-येतंय."

काठी वरच राहिली. फौजदारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पोराच्या तोंडाकडे, मग पेन कागदाला टेकवलं, रक्ताचे थेंब चुकवून, आणि वाट बघू लागले.